कुमारिका, बदक आणि तंगडी

‘मेडन, डक अँड लेग; इट शाइन्स ॲट नाइट.’ चार अक्षरी इंग्रजी शब्द हवा आहे. कुमारिका, बदक आणि तंगडी, रात्री चमकते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एखादी मेजवानी उभी राहते, मेणबत्त्या लागतात, कोणी तरुणी बदकाच्या तंगडीकडे बघत बसलेली दिसते. कोडे रचणाऱ्याला नेमके हेच हवे असते. तुम्ही जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसलात की त्याचे निम्मे काम झाले.

आता ही तीन माणसे (बदकाला माणूस म्हटल्याबद्दल क्षमा असावी) जेवणघरातून उचलून वानखेडे स्टेडियमवर नेऊन ठेवा. मेडन म्हणजे निर्धाव षटक. ते लिहिताना ‘एम’ वापरतात. डक म्हणजे फलंदाजाचा भोपळा, शून्य, आणि शून्य दिसते ‘ओ’सारखे. लेग म्हणजे लेग साइड, तिलाच ऑन साइड म्हणतात. म्हणून ‘ओ, एन’. एम, ओ, ओ, एन. मून. रात्री चमकतो तो चंद्र. कुमारिका गेली, बदक गेले, तंगडी गेली आणि चंद्र उगवला.

इंग्रजी दैनिकांत रोज येणारे ‘क्रिप्टिक क्रॉसवर्ड’, म्हणजे गूढ शब्दकोडे, हे असे असते. साध्या शब्दकोड्यात ‘पृथ्वीचा उपग्रह’ असे विचारून मोकळे होतात. शब्द ठाऊक असेल तर येतो, नसेल तर शब्दकोश काढावा. गूढ कोड्यात उत्तर बहुधा अगदी घरगुती शब्द असतो. अवघड असते ते प्रश्नाचे वाक्य. ते एक गोष्ट सांगते आणि दुसरीच सुचवते.

कित्येक मराठी घरांत इंग्रजी पेपर येतो, त्यातले हे कोडे मात्र रोज कोरेच रद्दीत जाते. कारण ठरलेले असते. ‘ते काही आपल्यासाठी नाही. ज्यांचे शिक्षण कॉन्व्हेंटात झाले, ज्यांच्या घरी शेक्सपिअर बोलला जातो, त्यांच्यासाठी ते.’ मराठी माध्यमात शिकून आयुष्यभर इंग्रजीत फायली लिहिणारा, इंग्रजीत हिशेब तपासणारा, इंग्रजीत औषधांच्या चिठ्ठ्या वाचणारा माणूसही या चौकटीसमोर आला की एकदम आठवीच्या वर्गात जाऊन बसतो. हा न्यूनगंड फुकाचा आहे. वरच्या कोड्यात कोणता अवघड इंग्रजी शब्द होता? मेडन, डक, लेग, मून. क्रिकेटची धावसंख्या कानावर पडत असलेल्या कोणाही भारतीयाला ते सगळे येतात. या कोड्यांना इंग्रजी लागते त्याहून अधिक संशयी स्वभाव लागतो, आणि तो भाजीबाजारात वजनकाट्याकडे बघता बघता आपल्याला आपोआप येतो.

गूढ कोड्याच्या वाक्याचे दोन भाग असतात. एका भागात उत्तराचा सरळ अर्थ दिलेला असतो. दुसऱ्यात तेच उत्तर अक्षरांच्या खटपटीने कसे बनते त्याची कृती असते. सरळ अर्थ वाक्याच्या आरंभी असतो किंवा शेवटी. मधोमध सहसा कधीच नसतो. वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला काही तरी काम असावे लागते. लग्नघरात नुसते मिरवणारे पाहुणे असतात, तसे इथे चालत नाही.

एक जुनीच, कसलेल्या मंडळींना बाळबोध वाटेल अशी जोडी घ्या. ‘क्वाएट, लिसन डिफरंटली’; सहा अक्षरे. शब्दशः अर्थ, शांत राहा, निराळ्या रीतीने ऐका. एखाद्या गुरुजींनी वर्गात द्यावा तसा उपदेश. पण ‘डिफरंटली’ ही खूण आहे: अक्षरे निराळ्या क्रमाने मांडा. कोणती अक्षरे? ‘लिसन’ची, म्हणजे एल, आय, एस, टी, ई, एन. ती फिरवली की एस, आय, एल, ई, एन, टी, सायलेंट. आणि सायलेंट म्हणजेच ‘क्वाएट’. दोन्ही टोके जुळली.

आता समजा, सोडवणाऱ्याने घाई केली. आडव्या-उभ्या शब्दांतून पहिले अक्षर एस आणि पाचवे एन असल्याचे त्याला कळले आहे. ‘क्वाएट’ म्हणजे शांत, सहा अक्षरे, लगेच त्याने ‘सिरीन’ लिहिले. एस, ई, आर, ई, एन, ई. अर्थ बसतो, पहिले अक्षर बसते, पाचवे बसते, शब्द सुरेख आहे. तरी उत्तर साफ चूक. तिसऱ्या घरात एलऐवजी आर गेला, त्या घरातून खाली जाणारा उभा शब्द अडला, त्याने शेजारचा आडवा अडवला, आणि तासाभराने गृहस्थ कोडे रचणाऱ्याच्या नावाने बोटे मोडू लागले. ‘सिरीन’ लिहिताना त्यांनी स्वतःला एकच प्रश्न विचारायला हवा होता: मग ‘लिसन डिफरंटली’ हे दोन शब्द इथे काय करत आहेत? त्यांना काम मिळाले नाही, तिथेच शंका घ्यायची. अर्थ जुळला म्हणून उत्तर मिळाले असे होत नाही. उत्तर का जुळले ते सांगता आले पाहिजे. शाळेत गणिताच्या पेपरात नुसते उत्तर लिहून रीत न लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळत नसत, त्यातलाच हा प्रकार.

वृत्तपत्रे मात्र दुसऱ्या दिवशी नुसते उत्तरच छापतात. भरलेली चौकट, बस्स. तेवीस आडवे म्हणजे अमुक. का अमुक, याचा पत्ता नाही. नवखा माणूस हरतो तो इथे. त्याला उत्तर कळते, पण त्या वाक्यातून ते कसे निघाले ते कळत नाही आणि तो समजतो की कळण्यासारखे त्यात काही नसावेच, किंवा आपल्यातच काही कमी असावे. म्हणून ज्या कचेरीत, ज्या लोकलच्या डब्यात किंवा ज्या वाड्यात एखादा समजावून सांगणारा होता, तिथेच या कोड्यांचे वेड पसरले. ‘फ्लॉवर’ म्हणजे दर वेळी फूल नव्हे. जी वाहते ती, ‘फ्लो’ करणारी, म्हणून नदी. ‘नंबर’ म्हणजे आकडा नव्हे. जे ‘नम्ब’ करते, बधिर करते, ते भुलीचे औषध. खलाशी म्हटला की टी, ए, आर. कामकरी म्हटला की मुंगी, नाही तर मधमाशी. अशा पंचवीस-तीस चोरवाटा कोणी एकदा दाखवल्या की गल्लीबोळांची भीती जाते. त्या दाखवणाऱ्याचा मोठेपणा असा की स्वतः दहा मिनिटांत संपणारे कोडे तो शेजाऱ्यासाठी पाऊण तास पुरवून खातो.

लपवाछपवीचा प्रकार तर लहान मुलांनाही जमतो. ‘इंडियन सिटी इन पार्ट ऑफ पॅराग्राफ’, चार अक्षरे. भारतातले शहर, परिच्छेदाच्या एका भागात. नवखा माणूस इतिहासाचे पुस्तक आठवू लागतो. मुलाला सांगा, ‘पॅराग्राफ’चे इंग्रजी स्पेलिंग लिही आणि मधल्या अक्षरांवर बोट फिरव. पी, ए, आर यांच्या पुढे ए, जी, आर, ए. आग्रा! शहाजहान बादशहा इतकी वर्षे परिच्छेदात कोंडलेला होता आणि कोणाला पत्ता नव्हता.

या खेळाचा जन्म तसा अमेरिकेतला. मूळचा लिव्हरपूलचा पत्रकार आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्राच्या रविवारच्या अंकात हिऱ्याच्या आकाराचे पहिले शब्दकोडे छापले. ते सरळ अर्थाचे होते. त्याला वाकडे केले ते इंग्लंडने. १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये एडवर्ड पॉइस मॅथर्स हा कवी ‘टॉर्कमाडा’ या नावाने कोडी घालू लागला. टॉर्कमाडा म्हणजे स्पेनमधला, छळासाठी कुप्रसिद्ध असलेला धर्मन्यायाधीश. रचणाऱ्याने वाचकांशी आपले नाते काय आहे ते टोपणनावातच सांगून टाकले. तो १९३९ मध्ये वारल्यावर डेरिक मॅकनट या शिक्षकाने ती जागा घेतली आणि ‘झिमेनीस’ हे नाव धारण केले, हाही धर्मन्यायाधीशच. पण याने छळाला कायदा आणला. १९६६ मध्ये त्याने या कलेवर एक पुस्तक लिहिले. अचूक व्याख्या, कृतीकडे प्रामाणिक निर्देश, आणि याखेरीज वाक्यात काही नाही, अशी त्याची शिस्त होती. रचणाऱ्याने फसवावे, पण खोटे बोलू नये. आज सोडवणारा ‘या शब्दाला काम काय?’ असे ठणकावून विचारू शकतो, तो त्या शिस्तीच्या जोरावर.

‘लंडन टाइम्स’ने या थिल्लर छंदाला बरीच वर्षे दाराबाहेर ठेवले होते. अखेर १ फेब्रुवारी १९३० रोजी त्यातले पहिले कोडे आले. ते रचणारा ॲड्रियन बेल हा सफकमध्ये शेती करणारा तरुण होता, आणि त्या दिवसापर्यंत त्याने आयुष्यात एकही शब्दकोडे सोडवलेले नव्हते! असो. दुसऱ्या महायुद्धात तर ही कोडी लष्करापर्यंत पोहोचली. जानेवारी १९४२ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा आपल्या कचेरीत भरवली आणि त्यातल्या काही स्पर्धकांना पुढे सरकारी पत्रे आली, जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या ब्लेचली पार्कमध्ये त्यांची गरज होती.

तरीही या सगळ्या इतिहासात एकच कोडे असे आहे की ज्याची गोष्ट घरातल्या सर्वांना सांगावी. त्याचा कर्ता जॉन ग्रॅहॅम. जन्म १९२१ चा. इंग्लंडच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक. १९५८ पासून तो ‘गार्डियन’साठी कोडी रचत होता, १९७० पासून ‘अरॉकेरिया’ या नावाने. हे एका झाडाचे नाव. त्याला इंग्रजीत ‘मंकी पझल’, म्हणजे माकडालाही कोडे पडेल असे झाड, म्हणतात. पुढे घटस्फोटामुळे त्याची धर्मोपदेशकाची नोकरी गेली आणि कोडी रचणे हाच त्याच्या उदरनिर्वाहाचा आधार झाला. त्याची कोडी कायद्याला थोडी सैल, पण विनोदाने आणि मायेने भरलेली असत. झिमेनीसचे कडवे अनुयायी नाके मुरडत. बाकीचे लोक तो येण्याची वाट बघत. दोन्ही पक्षांना आपापल्या जागी ठेवूनही म्हणावेसे वाटते की नियम मोडूनसुद्धा वाचकाचा विश्वास न मोडणे ही फार दुर्मीळ विद्या आहे.

११ जानेवारी २०१३ रोजी ‘गार्डियन’मध्ये त्याचे कोडे आले. वर एक छोटी सूचना होती. तिचा आशय असा की, अरॉकेरियाला एकोणिसाव्या शब्दाचा अठरावा उभा झाला आहे आणि त्यावर तेरा-पंधरा हा उपचार चालू आहे. नुसते आकडे. अशा सूचना गूढ कोड्यांत नेहमी असतात. लोकांनी नेहमीप्रमाणे चहाचा पेला जवळ ओढला, पेन्सिल घेतली आणि कामाला लागले. अठरा उभा सुटला: कॅन्सर. एकोणीस सुटला: इसोफॅगस, म्हणजे अन्ननलिका. तेरा आणि पंधरा: पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे रोग बरा होणार नसला तरी वेदना कमी ठेवणारी शुश्रूषा. आता सूचना पुन्हा वाचायची.

एक्याण्णव वर्षांचा रचनाकार आपल्या हजारो वाचकांना, ज्यांतल्या बहुतेकांना त्याने कधी पाहिले नव्हते, आपले दुखणे सांगत होता. पत्रकार परिषद नाही, निवेदन नाही. जी भाषा त्याने पंचावन्न वर्षे त्यांच्याशी बोलली होती तीच. आणि ती बातमी प्रत्येकाला आपल्या हाताने, एकेक अक्षर भरून, स्वतःपाशी आणावी लागली. ज्याने घाईने चौकट भरून टाकली, त्याला कदाचित उशिरा कळले. ज्याने प्रत्येक उत्तराचे कारण शोधले आणि सूचनेतल्या आकड्यांवर बोट ठेवून शब्द वाचले, त्याच्या हातातली पेन्सिल थांबली. २६ नोव्हेंबर २०१३ रोजी ग्रॅहॅम वारला. तोपर्यंतही त्याची कोडी येतच होती.

आपल्याकडे ही कोडी इंग्रजी दैनिकांबरोबर आली. अनेक पत्रे विलायती कोडीच विकत घेऊन छापतात. त्यांत लंडनच्या रेल्वेचे, तिकडच्या शाळांचे, जुन्या नाटकांचे संदर्भ येतात आणि त्याला इलाज नाही, ते हळूहळू पाठ होतात. चेन्नईच्या ‘द हिंदू’सारख्या पत्रात मात्र भारतीय रचनाकारांची कोडी असतात, त्यांत इडली येते, साडी येते, एखादी नदी येते. सुरुवात तिथून करावी. त्याहूनही सोपा मार्ग म्हणजे कालचे कोडे आणि आजचे उत्तर शेजारी शेजारी ठेवून उलटे चालत जाणे: उत्तर माहीत आहे, आता ते वाक्यातून कसे निघाले ते शोधा. आठवड्यातले चार दिवस एवढेच केले तरी महिन्याभरात चोरवाटा दिसू लागतात. घरात आजोबांना जुने क्रिकेट ठाऊक असते, सुनेला रसायनशास्त्रातली मूलद्रव्यांची चिन्हे, नातवाला संगणकातले शब्द. तिघांत मिळून एक कोडे चांगले सुटते, आणि ज्याला उत्तर आले त्याने बाकी दोघांना कारण सांगितल्याशिवाय चौकटीत लिहायचे नाही असा नियम ठेवला तर भांडणेही गोडीची होतात.

मराठीत असे कोडे का नाही, असे कोणी विचारेल. मराठी वृत्तपत्रांतली शब्दकोडी बहुतेक सरळ अर्थाची असतात हे खरे, पण वृत्ती आपल्याकडे कमी नाही. चौसष्ट कलांत प्रहेलिका, म्हणजे कोडी घालणे, ही एक कला गणलेली आहे. मोरोपंतांनी ओठ मिटवणारी अक्षरे गाळून निरोष्ठ रामायण रचले. म्हणजे ‘म’ निषिद्ध, म्हणजे ज्याचे रामायण त्या रामाचे नावही घ्यायची सोय नाही! आणि वाल्या कोळ्याची गोष्ट तर उलट वाचण्याच्या कोड्याचा उत्तम नमुना आहे: ‘मरा’ उलटे फिरवले की ‘राम’.

अडचण आहे ती लिपीची आणि व्याकरणाची. इंग्रजी अक्षरे सुटी असतात, हवी तशी पिसता येतात. आपली काना, मात्रा, वेलांटी अक्षराला चिकटून बसते. ‘नवरा’ या शब्दाची अक्षरे कितीही फिरवली तरी ‘वानर’ होत नाही, कारण काना ‘रा’ला सोडून ‘वा’कडे जायला तयार नाही, अनेक गृहिणींची यात निराशा होईल. दुसरे म्हणजे विभक्तीचा प्रत्यय लागला की मराठी शब्द रूपच बदलतो. ‘सातारा’ या शब्दात ‘तारा’ लपलेला आहे. पण ‘साताऱ्यात चमकतो’ असे लिहायला जावे तर ‘रा’चा ‘ऱ्या’ होतो आणि तारा निखळून पडतो. मग ‘सातारा शहरात चमकतो’ अशी वाट काढावी लागते, प्रत्यय शहराच्या गळ्यात घालून.

तरी वाट निघते. ‘गळ्यात पडला तर सत्कार, पदरी पडली तर नामुष्की’; दोन अक्षरे: हार. ‘भाव आणि मद्यालय, राजा बसतो तिथे’, चार अक्षरे. भाव म्हणजे दर, मद्यालय म्हणजे बार, आणि राजा बसतो तो दरबार. ‘कलम विस्कटले तरी चिखलात फुलले’, तीन अक्षरे. ‘कलम’ची अक्षरे विस्कटा: कमल.

आणि हे एक जाता जाता, तीन अक्षरी: ‘रसाळ, उलटे वाचले तरी.’ उत्तर आणि त्याचे कारण, दोन्ही पुढच्या अंकात.